तळावरचा शिक्का

आपल्याकडे भांड्यांवर नांवें घालण्याची चाल घरोघर आहे. लग्नांत आलेली परात असो कीं मुंजींत आलेलें तांब्याभांडें असो, त्याच्या कांठावर बारीक छिनीनें उमटविलेलीं टिंबाटिंबांचीं अक्षरें असावयाचींच. तीं वाचूं लागलें म्हणजे भांडें कोणी दिलें, कोणास दिलें आणि कोणत्या दिवशीं दिलें ही सगळी हकीकत कळते. कित्येकदां देणाऱ्यांपैकीं कोणीहि मागें राहिलेलें नसतें, परंतु परातीवर तीं माणसें अद्याप नांदत असतात. देणाऱ्याचें नांव असतें, घेणाऱ्याचें असतें. मात्र ज्यानें तें भांडें पत्र्यांतून ठोकून काढलें त्या तांबटाचें नांव आम्हीं आजवर एकाहि भांड्यावर वाचलेलें नाहीं. पुण्यास कसबा पेठेंत तांबट आळी आहे. तेथें हातोड्यांच्या नादांत पिढ्यान्पिढ्या गेल्या. धंद्याचें नांव आळीला मिळालें. माणसाचें नांव भांड्याला मिळालें नाहीं.

वस्तु करणारा आणि वस्तूवरचें नांव यांचा संबंध काय, हा प्रश्न आमच्यापुढें अलीकडे एका परदेशी फुलदाणीच्या निमित्तानें उभा राहिला. आमची एक भाची नोकरीनिमित्त फ्रान्समध्यें लिऑन शहरीं असते. तेथील जुन्या वस्तूंच्या बाजारांत तिनें ही फुलदाणी घेतली आणि सुटींत येतांना कपड्यांच्या घडीत जपून आणली. उंची सुमारें दीड वीत. खालीं दुध्याभोपळ्यासारखी फुगीर, वर मान निमुळती होत गेलेली, आणि मानेच्या एका अंगास बोट शिरेल एवढाच कान. अंगावर चित्र नाहीं, वेल नाहीं, सोन्याची रेघ नाहीं. झिलई पांढरी, पण कागदाची पांढरी नव्हे; तापवून निवविलेल्या दुधावरच्या सायीची. जेथें कांठाशीं झिलई पातळ झाली आहे तेथें खालची तांबूस माती किंचित् डोकावते. उलटी करून पाहिली तर तळावर दाबून उठविलेला एकच शब्द आहे : ‘मादूरा’. भाचीच्या माहितीप्रमाणें ती 1950 च्या सुमाराची असून सुझान रामिये या बाईंच्या कुंभारशाळेंत घडलेली आहे.

ती ज्या गांवीं घडली त्याचें नांव व्हालोरिस. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान आणि आंतीब यांच्या मधल्या टेंकड्यांत, समुद्रापासून थोडेंसें आंत हें गांव वसलें आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभीं हा भाग ओस पडला होता. तेव्हां लेरँ बेटावरील मठानें इटलींतील जिनोआकडचीं कुटुंबें आणून येथें वसविलीं. येथील मातीचा गुण असा कीं, ती विस्तव सोसते. त्यामुळें हें गांव शतकानुशतकें स्वयंपाकाचीं भांडीं करीत आलें. आंतून झिलई दिलेल्या, बाहेरून उघड्या मातीच्या, दोन कानांच्या हंड्या आणि लांब दांड्याचीं पसरट भांडीं हा येथला मुख्य माल. पाइनच्या लाकडावर भट्ट्या पेटत आणि माल गलबतांतून व पुढें आगगाडींतून दूरदूर जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मासिए घराण्यानें धातूसारखी चकाकी असलेलीं शोभेचीं भांडींहि येथें करून दाखविलीं. परंतु गांवाचें पोट भरलें तें चुलीवरच्या हंडीनें.

विसाव्या शतकांत बिडाचीं, एनॅमलचीं आणि अल्युमिनियमचीं भांडीं स्वस्त झालीं आणि ही हंडी मागें पडली. खापरावरचे मांडे आणि मडक्यांत विरजलेलें दहीं आपल्या पुष्कळ घरांतून ज्या वाटेनें गेलें तीच ही वाट. धातूचें भांडें हातांतून पडलें तरी फुटत नाहीं, लवकर तापतें आणि मुलाबाळांच्या घरांत तेंच सोयीचें, हें कोणीहि गृहिणी कबूल करील. तेव्हां गृहिणींना दोष देण्यांत अर्थ नाहीं. पण कारागिराच्या बाजूनें पाहिलें म्हणजे एवढेंच दिसतें कीं, चाक शाबूत आहे, हात शाबूत आहेत, माती पायाखालीं आहे, आणि तिला गिऱ्हाईक मात्र उरलें नाहीं.

अशा वेळीं, 1938 सालीं, सुझान आणि जॉर्ज रामिये या दांपत्यानें व्हालोरिसमध्यें आपली कुंभारशाळा उघडली. सुझानबाई 1905 मध्यें लिऑन येथें जन्मल्या. तेथील कलाशाळेंत त्यांचें शिक्षण झालें. लिऑन हें रेशमाचें माहेरघर, तेव्हां आरंभीं त्यांनीं रेशमी कापडासाठीं नक्ष्या काढण्याचें काम केलें. कापडावर नक्षी काढणारी स्त्री मातीकडे वळली तर ती मातीवरहि वेलबुट्टी काढील असें आपल्यास वाटेल. सुझानबाईंनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं गांवांतील जुन्या भांड्यांचे आकार पाहिले. हंडीचें पोट एवढेंच फुगीर कां, कान याच जागीं कां, तोंड इतकेंच रुंद कां, याला प्रत्येक ठिकाणीं कारण होतें. हें कारण शेंकडों वर्षांच्या वापरानें ठरविलेलें होतें. एका माणसाच्या लहरीनें नव्हे. तो आकार त्यांनीं ठेवला आणि त्याचें काम तेवढें बदललें. चुलीवरून उतरलेली हंडी दिवाणखान्यांत गेली, पण जातांना तिनें दागिने घातले नाहींत. आमच्या फुलदाणीकडे पाहतांना ती कोठें तरी पूर्वीं पाहिली आहे असें जें वाटतें त्याचें कारण हेंच असावें. ती मूळची स्वयंपाकघरांतली आहे.

अशी वस्तु होते कशी हेंहि सांगितलें पाहिजे, कारण तिच्या साधेपणावरून ती सोपी असावी असा समज होतो. माती तुडवून, मळून तिच्यांतील हवेचा बुडबुडान् बुडबुडा काढावा लागतो. एक राहिला तरी भट्टींत भांडें तडकूं शकतें. मग गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर बसवून दोन्ही हातांच्या मध्यें भिंत वर ओढावयाची. पोट फुगवितांना भिंत पातळ होते, आणि लगेच वर मान आवळतांना त्याच भिंतीला वरचा भार सोसावा लागतो. हलक्या हातानें सुकवावें, कान चिकटवावा, पहिली भाजणी द्यावी, झिलईंत बुडवावें आणि पुन्हां भट्टींत ठेवावें. सुकतांना आणि भाजतांना भांडें आकसतें, म्हणून डोळ्यांपुढचें माप आधींच मोठें धरावें लागतें. दुधाळ पांढरी झिलई साधण्याची जुनी युक्ति म्हणजे तींत कथलाचें भस्म मिसळणें. आपल्या पितळी पातेल्यांना कल्हई करणारा जें कथील वापरतो तेंच हें कथील. तेथें तें आंबटापासून अन्न राखतें, येथें मातीचा तांबडेपणा झांकतें. चित्र काढलेल्या भांड्यावर हाताची चूक फुलापानांत लपते. कोऱ्या पांढऱ्या भांड्यावर तिला लपावयास जागा नसते.

फुलदाणीची खरी परीक्षा मात्र आमच्या घरांत दुसऱ्याच पद्धतीनें झाली. घरांतील सर्वांत वडील माणूस म्हणजे आमची मोठी काकू. वय शहाऐंशी, आणि दृष्टि अद्याप सुईंत दोरा ओवण्याइतकी स्वच्छ. सर्व मंडळी आकार, रंग, किंमत यांविषयीं बोलत असतां तिनें एवढेंच विचारलें, “पाणी धरते का ही?” प्रश्न अडाणी नव्हता. भाजलेली माती सच्छिद्र असते. ज्या गुणानें माठांतलें पाणी गार होतें तोच गुण फुलदाणींत दोष ठरतो, आणि त्याला आवर घालते ती केवळ आंतली झिलई. काकूनें ती रात्रीं पाण्यानें भरून लांकडी चौरंगावर ठेवली. सकाळीं फुलदाणी उचलून खालचें लांकूड तळहातानें चाचपलें आणि म्हणाली, “कोरडें आहे हो. बाई कामाची होती.” पारिसच्या कोणत्याहि टीकाकारानें सुझानबाईंना यापेक्षां योग्य प्रशस्तिपत्र दिलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

त्यानंतर भाचीनें शिक्क्याचा अर्थ सांगितला. ‘मादूरा’ हें कोण्या देवतेचें किंवा गांवाचें नांव नव्हे. तें तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून जुळविलेलें आहे. पहिला शब्द ‘मेझों’. फ्रेंचमध्यें हा ‘मा’ अक्षरांनीं लिहिला जातो व त्याचा अर्थ घर, आणि व्यापारी पेढी असाहि होतो. दुसरा ‘दूली’, हें सुझानबाईंचें माहेरचें आडनांव. तिसरा ‘रामिये’, हें सासरचें. म्हणजे घर, माहेर आणि सासर अशीं तीन अक्षरें एका शिक्क्यांत बसलीं आहेत, आणि ज्या बाईला हीं तिन्ही होतीं तिचें स्वतःचें नांव तेवढें त्यांत नाहीं.

हें ऐकून घरांत दोन पक्ष पडले. आमचा पुतण्या म्हणाला, हा अन्यायच आहे; वस्तु बाईची आणि शिक्का पेढीचा. पुतण्याच्या पत्नीस उलट वाटलें. ती म्हणाली, बाईनें आपलें माहेर व्यापाऱ्याच्या पाटीवर चढविलें हें कांहीं थोडें नव्हे. काकू बराच वेळ बोलली नाहीं. मग उठून आंत गेली आणि आपल्या फडताळांतून एक पितळी डबा घेऊन आली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीस तिच्या वडिलांनीं तो पाठविला होता. झांकणावर नांव घातलेलें आहे, पण तें सासरचें. लग्नांत ताटांतील तांदुळांवर अंगठीनें लिहिलेलें. काकू म्हणाली, “सतरा वर्षें ज्या नांवानें हांक मारली तें बाजूला ठेवून वडिलांना माझें नवें नांव कासाराला सांगावें लागलें. सांगतांना एकदां चुकलेहि असतील. ह्या बाईचें माहेर निदान अर्धें तरी शिल्लक राहिलें.” हें ती तक्रार म्हणून बोलली नाहीं, एक गोष्ट होती ती सांगितली. धाकट्या मुलांनीं तिला तिचें पहिलें नांव विचारलें. आम्हांस तें ठाऊक होतें, मुलांना नव्हतें. तिनें तें सांगितलें. येथें तें छापूं नये असें तिचें म्हणणें आहे. घरांतल्यांना कळलें एवढें पुरे.

नांवाचा हा प्रश्न व्हालोरिसमध्यें पुढें फारच मोठा झाला, कारण तेथें असा एक पाहुणा आला कीं, त्याच्या नांवापुढें गांवाचेंहि नांव लहान पडावें. 1946 च्या उन्हाळ्यांत पिकासो जवळच गोल्फ-झुआँ येथें उतरला होता. व्हालोरिसमध्यें त्या वेळीं कुंभारकामाचें, फुलांचें आणि अत्तरांचें मिळून एक प्रदर्शन भरलें होतें. तेथें रामिये दांपत्याची व त्याची गांठ पडली. त्यांच्या कुंभारशाळेंत बसून त्यानें सहज म्हणून दोन-तीन लहान मूर्ति केल्या आणि तो निघून गेला. दुसऱ्या वर्षीं परत येऊन पाहतो तों त्या भाजून नीट ठेवलेल्या! त्या दिवसापासून पासष्टीचा हा चित्रकार मादूरांत रमला. 1948 पासून 1955 पर्यंत तो त्याच गांवीं राहिला, आणि गांव सोडल्यावरहि मादूराशीं त्याचा संबंध तुटला नाहीं. चाकावरून नुकतीच उतरलेली ओली बाटली हातानें दाबून, वांकवून तो तिची गुडघे टेंकलेली स्त्री करी. फुटक्या हंड्यांच्या खापरांवर मुखवटे रंगवी. त्याच्या कामांपैकीं निवडक नमुन्यांच्या हुबेहूब प्रती मादूरांत काढण्यांत येऊं लागल्या. 1947 ते 1971 या काळांत अशा 633 नमुन्यांच्या आवृत्त्या निघाल्या. कोणाच्या 25 प्रती, कोणाच्या 500. त्यांच्या तळावर पुष्कळदां दोन शिक्के शेजारीं शेजारीं आढळतात, एक पिकासोच्या आवृत्तीचा आणि दुसरा मादूराचा.

आतां यांत कोणाचें काय होतें तें पाहा. ज्या घड्यावर पिकासोनें घुबड किंवा मुद्रा रंगविली तो घडा पुष्कळ वेळां सुझानबाईंनीं योजिलेल्या आकाराचा असे. तो चाकावर ओढणारा बहुधा झ्यूल आगार नांवाचा कारागीर असे. झिलई, भट्टी, प्रतींचा सारखेपणा हें सर्व मादूराच्या माणसांचें. संग्रहालयाच्या चिठ्ठीवर मात्र एकच नांव येई. पिकासोनें कांहीं चोरलें असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच्यामुळें मरूं घातलेल्या गांवास जग पाहावयास आलें. रोझे काप्रोंसारखे तरुण कलावंत त्याच सुमारास तेथें येऊन स्वतःच्या भट्ट्या मांडूं लागले होते. पुढें शगालनेंहि मादूरांत काम केलें. कुंभारशाळेस जी बरकत आली तींत या पाहुण्याचा वांटा मोठा होता. परंतु वटवृक्षाच्या सावलीला बसणाऱ्यांना गारवा मिळतो, आणि त्या सावलींत दुसरें झाड वाढत नाहीं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असतात. सुझानबाई या सर्व काळांत स्वतःचीं भांडींहि करीत राहिल्या, आणि 1974 मध्यें त्यांचें देहावसान झालें. त्या पिकासोच्या कुंभारीण म्हणून प्रसिद्ध झाल्या. आपल्या पांढऱ्या भांड्यांसाठीं त्यांची ओळख पटावयास फार वेळ लागला.

आणि सुझानबाईंची बाजू घेतांना आणखी एक खूणगांठ बांधली पाहिजे. ‘मादूरा’ या तीन अक्षरांत झ्यूल आगारचें अक्षर कोठें आहे? घर आहे, माहेर आहे, सासर आहे; चाक फिरविणारा हात नाहीं. ज्यांचें नांव कोणी झांकलें त्यांच्याहि शिक्क्याखालीं दुसऱ्या कोणाचें नांव झांकलेलें असूं शकतें. म्हणून हा वाद एका बाईच्या बाजूनें आणि एका पुरुषाच्या विरुद्ध असा निकालीं निघत नाहीं.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्यासारख्यांना पेढीच्या नांवानें काम करण्याची कल्पना परकी नाहीं. घरच्या गोड्या मसाल्याची चव चार गांवांत वाखाणली जाते, आणि तो अमक्या घरचा मसाला म्हणूनच वाखाणला जातो. तो कुटणारीचा म्हणून नव्हे. यांत मोठेपणा आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. ‘मीं केलें’ असें पावलोपावलीं म्हणणाऱ्यांचें घर टिकत नाहीं. परंतु स्वतः मागें राहणें निराळें आणि मागें ठेवलें जाणें निराळें. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात, आणि म्हणूनच दुसऱ्याला पहिल्याचें गोड नांव देऊन मोकळें होण्याचा मोह घरादारांना आणि पेढ्यांना सारखाच होतो. भेद ओळखण्याची एक कसोटी आहे : नांव गाळतांना त्या माणसास कोणी विचारलें होतें काय? सुझानबाईंनीं आपलें नांव शिक्क्यांत घातलें नाहीं, पण शिक्का जुळविला गेला तेव्हां त्यांच्या माहेराला त्यांत जागा मिळाली. तांबटाला कोणी विचारलें नाहीं. आगारला विचारलें असेल असें दिसत नाहीं. तांदुळांवर अंगठी फिरली तेव्हां सतरा वर्षांच्या मुलीलाहि कोणी विचारलें नव्हतें.

यावर उपाय म्हणून सर्व भांड्यांवर सर्वांचीं नांवें कोरावीं असें आम्ही सुचवीत नाहीं. तितकें रुंद भांडें अजून घडलेलें नाहीं. पण जें कोरलें जात नाहीं तें सांगितलें तर जातें. आज सुझान रामिये यांचें नांव पुस्तकांतून आणि संग्रहालयांतून त्यांच्या स्वतःच्या भांड्यांपुढें लिहिलें जातें, आणि झ्यूल आगारचेंहि अभ्यासकांच्या लिखाणांत येतें. तें शिक्क्यानें राखलें नाहीं; ज्यांना माहीत होतें त्यांनीं सांगितलें आणि ज्यांनीं ऐकलें त्यांनीं लिहून ठेविलें, म्हणून राहिलें. वाचकांच्या घरींहि अशीं नांवें असतील. तीं ठाऊक असणारीं माणसें हिंडतीं-फिरतीं आहेत तोंवर तीं विचारून घ्यावींत, एवढेंच आमचें सांगणें आहे. भांडें शंभर वर्षें वाट पाहूं शकतें; माणसाला तेवढी सवड नसते.